पोटाखालची पायरी

माझे सासरे पॅटर्नमेकर होते. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी ती लाकडात हुबेहूब करावी लागते, मग तिच्याभोवती वाळू ठोकून साचा घेतात. ती लाकडी वस्तू म्हणजे पॅटर्न. पंपाची बॉडी असो नाहीतर उसाच्या चरकाचं चाक, कोल्हापुरातल्या कितीतरी फौंड्र्यांतलं काय काय आधी आमच्या आप्पांच्या हातून सागवानात उतरलं होतं.

मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता, आणि वर्षभरात शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली. आप्पांनी नको म्हटलं नाही. फक्त पहिल्या दिवशी मी डबा भरत असताना अव्वांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणाले, "फौंड्रीत बाईमाणसाचं काय काम?" मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. त्यानंतर बारा वर्षं माझ्या नोकरीविषयी त्यांनी एक अक्षर काढलं नाही.

खरं तर आमची कामं एकमेकांना लागूनच होती. बाहेरून करून आलेला पॅटर्न ड्रॉइंगला धरून आहे का ते मी तपासायची, आणि चुकलं असेल तिथं लाल पेन्सिलीनं फुली मारून परत पाठवायची. म्हणजे आप्पांसारख्यांच्याच कामात चुका काढायच्या. घरी हा विषय मीही काढत नव्हते. जेवताना ते आपल्या ताटाकडं बघायचे, मी माझ्या.

मग त्यांनी काम सोडलं. डोळे चांगले होते, हात तर त्याहून चांगले. पण मोठ्या कारखान्यांत पॅटर्न कॉम्प्युटरच्या मशीनवर ॲल्युमिनियममध्ये निघायला लागले होते, आणि कुणाच्या मेहेरबानीवर बाकापाशी उभं राहणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं स्वतःचं बाक होतं. पटाश्या, रंधे, कानशी ओळीनं लावलेल्या. रोज सकाळी ते शेडमध्ये जायचे, हत्यारं पुसायचे, अर्ध्या तासात परत येऊन सोप्यात बसायचे. दिवसभर तिथंच.

माझा धाकटा दीर परदेशात नोकरीला होता. एका दिवाळीला तो एक लांबलचक खोका घेऊन आला. वर चित्र होतं: दोन पंख्यांचं विमान, पण त्याचं पोट नावेसारखं, आणि ते पाण्यातून फवारे उडवत वर निघालेलं. आत कापलेल्या लाकडाच्या पट्ट्या, पातळ फळ्या, विजेच्या दोन मोटारी, बॅटऱ्या, हातात धरून चालवायचा रेडिओ, आणि गुंडाळी केलेलं एक भलंमोठं ड्रॉइंग. पंखाची लांबी साडेसात फूट होणार होती.

"आप्पा, तुमच्यासाठी आणलंय. तुमीच करायचं," दीर म्हणाला.

आप्पांनी एक पट्टी उचलली, नखानं दाबली. नख आत गेलं.

"हे लाकूड हाय व्हय? बाशिंगाचं भेंड हाय हे," म्हणाले, आणि पट्टी परत ठेवली. दीर गेल्यावर खोका माळ्यावर गेला.

तो उतरवला मी. त्यात आप्पांना कामाला लावायचा वगैरे काही विचार नव्हता. मला ते ड्रॉइंग बघायचं होतं. एमआयडीसीत आम्हाला सोमवारी सुट्टी असायची. उन्हाळ्यातल्या अशाच एका सोमवारी दुपारची भांडी आवरल्यावर मी ते सोप्यात जमिनीवर पसरलं आणि चारी कोपऱ्यांवर पितळी डबे ठेवले. माझं रोजचं काम म्हणजे फ्लँज, ब्रॅकेट, झडपा. सगळं कंपास आणि पट्टीत बसणारं. हे ड्रॉइंग बघून मी गुडघ्यांवर बसून राहिले. त्यात शोधूनही सरळ रेघ सापडत नव्हती. विमानाचं पोट नाकापाशी सुरीसारखं, मग पसरट, मग पुन्हा निमुळतं होत शेपटाकडं वर उचललेलं, आणि जागोजागी त्याचे आडवे छेद काढून दाखवलेले.

आप्पा आतून चहाचा कप घेऊन आले. मला ओलांडून जावं लागणार म्हणून थांबले. थांबले ते थांबलेच.

"ह्यो सेक्शन कुटला?" थोड्या वेळानं म्हणाले.

"नाकापासनं तिसरा, आप्पा."

"एवढा अरुंद?"

"म्होरं रुंद होतोय. हे बघा, हितं."

कप खाली ठेवून ते माझ्याशेजारी उकिडवे बसले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण ड्रॉइंग त्यांना माझ्याइतकंच कळायचं, कदाचित जास्तच. बोटानं एकेक छेद जोडत ते शेपटापर्यंत गेले आणि परत नाकाशी आले. कपातल्या चहावर साय धरली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी उठताना म्हणाले, "भेंडाचं हाय म्हनून काय झालं. करायला अवघड हाय हे."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर खोका शेडमध्ये गेला होता.

तेव्हापासून आमचे सोमवार ठरून गेले. मी पुस्तिका वाचून मराठीत सांगायची, ड्रॉइंगवरून माप काढून द्यायची. आप्पा कापायचे, घासायचे, चिकटवायचे. आठवड्याच्या इतर दिवशी ते एकटे काम करायचे, पण पुढचं पान मी वाचून दिल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. माझ्या नवऱ्याचं उद्यमनगरात मोटारी भरायचं दुकान होतं. शेतातल्या पंपाची मोटार जळली की लोक त्याच्याकडं तांबं भरून घ्यायला आणायचे. विजेचं सगळं त्यानं अंगावर घेतलं. दोन्ही छोट्या मोटारी तळहातावर घेऊन तो म्हणाला, "लिंबाएवढी न्हाय, आनि ओढ बघा हिची!"

पहिल्याच सोमवारी एक गंमत झाली. पोटाचा लांब कणा आप्पांनी कापून दिला, आणि तो खाचांत बसेना. माझं माप मी तीनदा तपासलं. आप्पांनी आपली पट्टी बघितली आणि कपाळावर हात मारला. ओतलेलं लोखंड, म्हणजे बीड, थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळी जरा लांब असते. तिच्यावरचा एक फूट आपल्या फुटापेक्षा किंचित मोठा.

"बीडाची पट्टी घेतली की! विमान काय ओतायचं हाय काय?" असं म्हणून ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना मोकळं हसताना पहिल्यांदा बघत होते. लग्नातल्या फोटोतसुद्धा ते हसलेले नाहीत.

पावसाळाभर पोटाचं काम चाललं. आडवे छेद कण्यावर उभे राहिले, त्यांवर पातळ फळ्या वाकवून बसवल्या. मापं घेताना आप्पा स्वतःशी कानडीत मोजायचे: ओंद, एरड, मूर. आमचं मूळ गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेला लागून. लहानपणीचे आकडे त्यांच्या तोंडात तसेच राहिले होते. एरवी ते कानडी बोलत नसत. मीही हळूहळू त्यांच्या मागून तसंच मोजायला लागले.

दसऱ्याच्या सुमाराला पंखाचा डावा भाग तयार झाला. मी टाचा उचलून त्याच्या कडेवरून एक डोळा मिटून बघितलं, तर टोकाला किंचित पीळ होता. मी बोलायच्या आत आप्पांनीच तो बाकावर ठेवला, चारी बाजूंनी वाकून बघितलं आणि खाली जमिनीकडं बघत म्हणाले, "बाकाचा पाय खचलाय." शेडमध्ये पावसाचं पाणी मुरून एका पायाखालची फरशी बसली होती.

"थोडाच हाय पीळ," नवरा म्हणाला. "उडंल की तसंच."

"रिजेक्ट," आप्पा म्हणाले. महिन्याभराचं काम त्यांनी त्याच संध्याकाळी पातीनं उकलून काढलं. जे लाकूड वाचलं ते वाचवलं, उरलेलं चुलीत टाकलं, फरशी नवीन बसवली, पाणसळीनं बाक चारी कोपऱ्यांत जुळवून घेतलं, आणि पुढच्या सोमवारी पंख पहिल्यापासून सुरू केला. अव्वा तेवढ्या म्हणाल्या, "नोकरीत हुते तवा पगार तरी मिळत हुता."

पायरीची गोष्ट त्यानंतरची.

असल्या विमानाच्या पोटाला तळाशी, बरोबर मध्यावर, एक पायरी असते. नाकाकडून येणारा तळ तिथं एकदम तुटतो, अर्धा-पाऊण इंच वर उचलतो आणि मग शेपटाकडं जातो. ड्रॉइंगमध्ये ती काटकोनात काढली होती, टोकदार. आप्पांनी ती तशीच केली. नंतर मी कामावर असताना एका दुपारी त्यांनी पायरीची कड घासून गोल केली, आतल्या कोपऱ्यात पुट्टी भरली आणि सगळं इतकं गुळगुळीत केलं की तळ कुठं तुटतो ते हाताला कळू नये. साच्यात कोपरा टोकदार राहिला तर वाळू मोडते आणि ओतीव तिथं तडकतं. म्हणून पॅटर्नमेकर दिसेल तो कोपरा गोल करतो. आप्पांनी आयुष्यभर तेच केलं होतं. बहुतेक त्यांनी ते ठरवूनही केलं नसेल.

सोमवारी मला दाखवलं. मी बोट फिरवलं. इतकं देखणं काम मी आमच्या कारखान्यात कधी बघितलं नव्हतं.

मग मी पुस्तिका उघडली, आणि पान उलटल्यावर पहिलीच ओळ होती: पायरीची कड धारदारच ठेवा, गोल करू नका.

मी ती ओळ वाचली आणि तिच्या खालच्या ओळीपासून मराठीत सांगायला सुरुवात केली.

का, ते आज मला सांगता येतं. आप्पा माझ्याशी बोलायला लागून सहा महिने झाले होते. त्याच आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं की कारखान्यात सध्या कशाचं ड्रॉइंग चाललंय, आणि मी सांगताना ते ऐकत होते. त्या तळावर फुली मारायचं माझ्या जिवावर आलं. एवढ्याशा गोलाईनं काय होतंय, असंही मी मनाला सांगितलं. पुढच्या महिन्यात त्यावर काचेचं कापड आणि रेझिन चढलं, वर पिवळा रंग बसला, आणि ती ओळ मी विसरले. विसरले म्हणते, पण पूर्ण नव्हे.

विमान पुरं व्हायला त्यानंतर आणखी वर्ष लागलं. पंखावरची रंगीत फिल्म आम्ही अव्वांच्या इस्त्रीनं चिकटवली, आणि त्या इस्त्रीला पुढं कायमचा एक वास राहिला. चालवणार कोण, हा प्रश्न होता. माझ्या नवऱ्यानं दाताचे एक डॉक्टर शोधून आणले. ते पहाटे मोकळ्या मैदानावर छोटी विमानं उडवायचे. शेडमध्ये आले, विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि खुर्ची मागून बसले.

"मी आजवर जमिनीवरूनच उडवलीत," ते म्हणाले. "पाण्याचं मलाही नवीन आहे. पण असलं विमान मी सोडणार नाही."

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी सकाळी आम्ही टेम्पोत गाद्या घालून विमान कळंब्याच्या तलावावर नेलं. राखणदार काठी घेऊन आला.

"पावणं, पानी पिन्याचं हाय. तेल-बिल सांडनार न्हाय न्हवं?"

"तेलच न्हाय मामा," नवरा म्हणाला. "बॅटरीवरचं हाय." राखणदारानं स्वतः वाकून मोटारी बघितल्या, मग तोही काठावर बसला.

आप्पांनी धोतर खोचलं, गुडघाभर पाण्यात जाऊन विमान सोडलं. ते सरळ तरंगलं. एका बाजूला झुकलं नाही, पाणी घेतलं नाही. डॉक्टरांनी मोटारी वाढवल्या. विमान निघालं, नाक वर करून, दोन्हीकडं पाण्याचे पडदे उडवत. आणि तसंच नाक वर करून जात राहिलं. शंभर पावलं, दोनशे पावलं. वेग वाढेना, पोट सुटेना. पाणी त्याला सोडायलाच तयार नव्हतं.

"परत एकदा," आप्पा म्हणाले.

परत सोडलं. वाऱ्याच्या तोंडाकडं करून सोडलं. बॅटरी पुढं सरकवून सोडलं, मागं सरकवून सोडलं. डॉक्टरांचा दवाखाना उघडायची वेळ झाली तेव्हा आम्ही परतलो.

पुढच्या सोमवारी मोठे पंखे लावून गेलो. तेच. एक पंखा फवाऱ्याच्या माऱ्यानं तुटला. तिसऱ्या सोमवारी आप्पांनी विमान आधी भाजीवाल्याच्या तराजूवर तोललं, आतून जिथून लाकूड काढता येईल तिथून काढलं. तरी तेच. राखणदार आता आमच्यासाठी चहा सांगून ठेवायचा. चौथ्या सोमवारी डॉक्टर ओशाळून म्हणाले, "काका, माझंच काहीतरी चुकत असेल." आप्पांनी मान हलवली. "तुमचं न्हाय. मोटारी कमी पडाल्यात."

हे माझ्या नवऱ्याला लागलं. "मोटारी कमी न्हाईत, आप्पा. मी करंट मोजलाय."

"मग पानी का सोडंना?"

उत्तर मला माहीत होतं. ती ओळ पहिल्या सोमवारीच मला आठवली होती. चारही सोमवार मी काठावर उभी राहून दुसरं काहीतरी कारण निघावं अशी वाट बघत होते.

घरी आल्यावर आप्पा सरळ शेडमध्ये गेले. मोठ्या मोटारी बसवायच्या तर पंखाचा पुढचा भाग कापावा लागणार होता, आणि त्यांनी करवत काढून पेन्सिलीनं खुणा करायला घेतल्या. दोन वेळा केलेला तो पंख. मी घरात गेले, पुस्तिका आणली, पान उघडलं आणि उभ्या उभ्या ती ओळ मराठीत वाचली.

आप्पांची पेन्सिल थांबली.

"कवा वाचलंस हे?"

"तवाच. तुमी गोल केल्यावर त्याच सोमवारी."

"मग?"

"बोललो न्हाय." आमच्याकडं घरात बायकाही 'आलो, गेलो, बोललो'च म्हणतात.

त्यांनी पेन्सिल बाकावर ठेवली. आवाज चढला नाही, पण तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. "कारखान्यात पॅटर्न चुकीचा आला तर सोडतीस व्हय?"

"न्हाय."

"मानूस म्हातारा हाय, मन दुखंल, म्हनून सोडतीस?"

"न्हाय, आप्पा."

"मग माझा का सोडलास?"

मी पुस्तिका मिटली. ते म्हणाले, "ह्यापरीस फुली मारली असतीस तर बरं झालं असतं," आणि करवत खुंटीला लावून शेडमधून निघून गेले. त्या रात्री ते जेवायला माझ्याआधी बसले आणि माझ्याआधी उठले. मंगळवारी तसंच. अव्वांनी मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी काय सांगणार? बारा वर्षांचं न बोलणं मी निभावलं होतं, पण हे दोन दिवसांचं मला निभेना. कारखान्यात एका झडपेच्या ड्रॉइंगवर मी एकच माप दोनदा टाकलं.

बुधवारी संध्याकाळी घरी आले तर आप्पा मागच्या अंगणात नळापाशी बसलेले. शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या, आणि हातात सागवानाचे दोन ठोकळे. मला बघून म्हणाले, "चप्पल काढून ये हितं."

मी जाऊन बसले. एक ठोकळा त्यांनी तिरका धरला आणि वरून बारीक धार सोडली. त्या ठोकळ्याची कड गोल केलेली होती. पाणी उतरत कडेपर्यंत आलं, कडेवरून वळलं आणि लाकडाला धरूनच खालच्या अंगानं मागं आलं, पार त्यांच्या मनगटापर्यंत.

"चिकटतंय," आप्पा म्हणाले.

मग दुसरा ठोकळा धरला. त्याची कड पटाशीनं काटकोनात तासलेली होती. पाणी कडेपर्यंत आलं आणि तिथून सरळ खाली पडलं. ठोकळ्याची खालची बाजू कोरडी.

"हितनं सुटतंय. बघ, हात लाव." मी हात लावला. त्यांनी पुन्हा एकदा दोन्ही करून दाखवलं, जणू मला पटायचं राहिलं होतं. "सकाळपासनं दहादा केलंय. बीडाला गोल पायजे, पान्याला धार पायजे. मला कुटं म्हाईत?"

"मला म्हाईत हुतं, आप्पा," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"व्हय, चुकलं," ते म्हणाले. तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला ओतून उठले. "चल, टेप आन. किती कापायचं ते तू सांग."

पायरी परत काढणं सोपं नव्हतं. रंग, काचेचं कापड, पुट्टी, सगळं खरवडून आतल्या लाकडापर्यंत जायचं होतं, आणि खाली भेंडासारखं मऊ लाकूड; पटाशी जरा खोल गेली की तळ फुटणार. कडेची गोलाई उडवून तिथं त्यांनी सागवानाची एक बारीक पट्टी बसवली, कारण मऊ लाकडाची धार टिकली नसती. मी ड्रॉइंगवरून पत्र्याचा मापाचा तुकडा कापून दिला होता. तो आप्पा पुन्हा पुन्हा लावून बघायचे, आणि बघून झालं की माझ्याकडं द्यायचे. मी लावून बघायची. रविवारी संध्याकाळी मी उजव्या टोकाला बोट ठेवून म्हटलं, "हितं केसभर वर हाय." त्यांनी वाकून बघितलं, पट्टी उकलली आणि नवीन केली. रंग लावायला वेळच उरला नाही. पिवळ्या पोटाला सागवानाची उघडी पट्टी, अशाच अवस्थेत विमान सोमवारी तलावावर गेलं.

त्या सकाळी वारा बेताचा होता. डॉक्टरांना आम्ही काय बदललंय ते सांगितलं, त्यांनी वाकून पायरी बघितली आणि "अरे!" एवढंच म्हणाले. आप्पांनी विमान सोडलं आणि पाण्यात तसेच उभे राहिले. मोटारी वाढल्या. नाक वर झालं, पडदे उडाले, अगदी आधीसारखंच. माझ्या नवऱ्यानं मान फिरवली. मग शंभरएक पावलांवर नाक खाली आलं. पडदे आखडले. विमान पाण्यातून वर येऊन पाण्यावर धावायला लागलं, आणि मोटारींचा आवाज एकदम मोकळा झाला. मागं पाण्यावर पांढरी रेघ उमटत होती. ती बारीक झाली, तुटक झाली, आणि संपली.

"उटलं!" राखणदार ओरडला.

ते बांधाच्या वरून वळलं तेव्हा उन्हात पंख पिवळा चमकला. डॉक्टरांचे ओठ घट्ट मिटलेले, अंगठे रेडिओच्या दांड्यांवर. माझा नवरा मोटारींच्या आवाजाकडं कान लावून नुसता उभा होता. मी बघत होते खरी, पण मला सारखं वाटत होतं की मी डोळे मिटले तर ते पडेल. आप्पा पाण्यातच होते. मान वर करून, तोंड थोडं उघडं, दोन्ही हात पुढं धरलेले. ते वरून पडलं तर झेलणार असल्यासारखे. तीन फेऱ्या झाल्या. उतरताना ते पाण्यावर एकदा आपटलं, उडालं, दुसऱ्यांदा टेकलं आणि एका अंगाला कलत काठाकडं तरंगत आलं. आप्पा त्याच्याकडं मांडीभर पाण्यात चालत गेले आणि त्यांनी त्याचं नाक धरलं.

डॉक्टरांनी रेडिओ गवतावर ठेवला आणि खाली बसले. "माझे हात बघा," ते म्हणाले. "असले हात घेऊन आता कुणाचा दात काढू?" नवरा इतका हसला की त्याला खोकला आला. राखणदारानं चहा आणला. आप्पा ओल्या धोतरानं आमच्यात येऊन बसले आणि दोन कप प्याले.

दुपारी घरी आल्यावर विमान गच्चीवर नेलं. आपटल्यामुळं पोटात पाणी शिरलं होतं. मी शेपूट उचलून धरलं, आप्पांनी नाकाकडची झडप उघडली, आणि तलावाचं पाणी गच्चीच्या उन्हात भळभळ सांडलं. मग ते एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं तळ चाचपत गेलो. शेपटाजवळ जोडावर बारीक तडा होता. आप्पांनी त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला.

"आनखी काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

मी मागं सरकून बघितलं. पंखाच्या टोकांना पाण्यावर तोल राहावा म्हणून दोन छोटे तराफे होते. त्यातला डावा मला उजव्याशी जुळत नव्हता.

"डावा तराफा आत झुकलाय, आप्पा. आपटून न्हवं. पहिल्यापासनं असनार."

आप्पा समोरच्या बाजूला आले, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले.

"व्हय," म्हणाले. "झुकलाय." आणि पान्हा आणायला खाली गेले.